निघाल्याची तारीख

१

हे कुणालाही सांगायचं नाही, असं आत्याने मला बजावलं आहे. शपथ घातली नाही, कारण आत्या शपथा मानत नाही. नुसतं म्हणाली, "मिने, आपल्या भिंतीवर लायसन्स आहे तोवर हे तुझ्यामाझ्यात." मी मान हलवली. मला बोलण्यापेक्षा मान हलवणं सोपं जातं. पण लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आहे, आणि भूगोलाच्या वहीची शेवटची बारा पानं कोरी आहेत.

आधी लायसन्सबद्दल लिहिते, कारण त्याचा मला अजूनही अभिमान वाटतो. उज्जैनमध्ये असं लायसन्स दुसऱ्या कुणाकडे नाही. माझी उषाआत्या बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथे तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. आई किंवा वडील जातात, मुलगा पुण्याला, बंगलोरला नाहीतर थेट अमेरिकेत असतो, आणि घरचे म्हणतात, मुलगा येईपर्यंत थांबू या. थांबायचं कुठे? एप्रिलच्या उन्हात, दोन खोल्यांच्या घरात, बर्फ वितळून पाणी जिन्यावरून शेजाऱ्यांच्या दारात येतं. शेजारी तोंडाने काही बोलत नाहीत, पण दारं लावून घेतात. आत्याचं म्हणणं, असा अपमान कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

तिने नोकरी सोडली आणि देवास गेटच्या मागच्या गल्लीत चार खोल्यांची जागा घेतली. इंदूरहून थंड करण्याचं मशीन आणलं. दारावर पाटी लावली, 'प्रतीक्षा'. गल्लीतले लोक त्याला मुर्द्यांचं हॉटेल म्हणायचे. माझे वडील, म्हणजे अण्णा, दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. तिने त्यांना एवढंच विचारलं, "अण्णा, तुझा मुलगा असता आणि तो परदेशात असता, तर तू कुठे थांबला असतास?" अण्णांना मुलगा नाही, मी आहे. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते मला तिच्याकडे मदतीला जाऊ देऊ लागले.

२

लायसन्स काढायला आत्या मला बरोबर घेऊन गेली, कारण माझं अक्षर चांगलं आहे. कचेरीतले इन्स्पेक्टर व्यासजी कपाळाला हात लावून बसले होते.

"बहनजी, इसे किस खाने में डालूँ? बर्फ का कारख़ाना है?"

"नहीं."

"अस्पताल?"

"अस्पताल में आदमी ठीक होने आता है, व्यासजी."

"तो गोदाम लिख दूँ?"

आत्या खुर्चीत ताठ बसली. "गोदाम मत बोलिए. आपके पिताजी को कोई गोदाम में रखेगा?"

व्यासजींनी कान पकडले. मग थोडा विचार करून म्हणाले, "अच्छा, लोग ठहरते हैं ना?"

"ठहरते हैं."

"एक-दो दिन?"

"कभी तीन."

"फिर चले जाते हैं?"

"जाना तो पड़ता ही है."

"तो फिर धर्मशाला हुई!" व्यासजी एकदम खूष झाले. कपाटातून त्यांनी लाल दोरीने बांधलेला फॉर्मांचा गठ्ठा काढला. गेल्या वर्षीच्या सिंहस्थात यात्रेकरूंना उतरवून घेणाऱ्यांसाठी ते छापले होते आणि अर्धे उरले होते. "क़ानून में जो खाना है, बहनजी, उसी में बैठना पड़ेगा."

म्हणून 'प्रतीक्षा' सरकारी कागदावर धर्मशाळा झाली, आणि धर्मशाळेचे सगळे नियम आम्हाला लागू झाले. प्रत्येक जागेला क्रमांक हवा. प्रत्येक खोलीत झाकण असलेला पिण्याच्या पाण्याचा माठ आणि झाकणावर पालथा ग्लास हवा. कपडे टांगायला खुंटी हवी. दाराला वरच्या बाजूला काच हवी, म्हणजे मुसाफिरांची झोप न मोडता त्यांची मोजणी करता येईल. आणि मुसाफिरांचं रजिस्टर हवं. पहिलं लायसन्स तीन महिन्यांचं. मग व्यासजी येऊन पाहणी करणार. रजिस्टरात जेवढी माणसं, तेवढीच खोल्यांत दिसली पाहिजेत. कमीजास्त निघालं तर लायसन्स रद्द, आणि त्याच नावावर पुन्हा मिळत नाही.

आत्याने एकही नियम सोडला नाही. साफसफाई करणारी सुलूमावशी चार माठ पाहून म्हणाली, "ताई, पाणी पिणार कोण?"

"नियम पिणार," आत्या म्हणाली. "भर."

३

रजिस्टर माझं होतं. पानांवर नंबर आणि शिक्के होते. खाडाखोड चालणार नव्हती. चूक झालीच तर कचेरीत जाऊन व्यासजींची सही आणावी लागणार होती. नाव, वय, कुठून आले, कुठे जाणार, मुक्कामाचं कारण, आल्याची तारीख आणि वेळ, निघाल्याची तारीख आणि वेळ. पहिल्या दिवशी 'कुठे जाणार' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "चक्रतीर्थ लिही. स्मशान तर स्मशान, खरं तेच लिहायचं." मुक्कामाचं कारण तिने न विचारताच सांगितलं, "पुत्र की प्रतीक्षा."

शाळेत सुलेखनाचं पहिलं बक्षीस मला दोनदा मिळालं आहे, पण त्या रजिस्टराइतकं जपून मी कधीच लिहिलं नव्हतं. दहा नोंदींत एक डाग नाही, एक काना वाकडा नाही. एक गृहस्थ आईला घेऊन आले होते. आईच्या नावावरून त्यांनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "कितनी इज़्ज़त से लिखा है, बेटी." त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

आत्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. या खोल्यांतून बाहेर पडताना 'येते' म्हणायचं नाही. आपण मराठी माणसं कुठूनही निघताना 'येते' म्हणतो, 'जाते' म्हणत नाही. पण जिथे माणूस गेलं आहे, तिथून न बोलता निघायचं. "तिथे पुन्हा यायचं वचन द्यायचं नसतं," आत्या म्हणाली. मला ते पाळणं अवघड नव्हतं. मी तशीही न बोलताच निघते.

४

अकरावी नोंद गोपाळकृष्ण मुळे यांची. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त स्टेशन मास्तर, फ्रीगंजहून आले. सोमवारी सकाळी त्यांना त्यांच्या पुतण्याने, सुहासदादाने आणलं. मुलगा विक्रांत अमेरिकेत. आत्याने त्यांना तीन नंबरची खोली दिली.

मंगळवारी दुपारी आत्या बाजारात गेली होती, तेव्हा फोन वाजला. हा फोन आत्याला नऊ वर्षं नंबर लावल्यावर मिळाला होता, आणि मी तो कधी उचलत नसे. पण तो थांबेचना. मी उचलला. लांबून, पाण्याखालून आल्यासारखा आवाज होता.

"मी विक्रांत मुळे बोलतोय. बाबा तुमच्याकडे आहेत ना? मला तिकीट मिळालंय, मी निघतोय. त्यांना थांबवून ठेवा. थांबतील ना ते?"

असं कुणी विचारलं तर काय म्हणायचं असतं, मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "हो. थांबतील."

बुधवारी दुपारी सुहासदादा गुरुजींना घेऊन आले. गुरुवारी सकाळपासून पंचक लागत होतं. त्या पाच दिवसांत अग्नी देणं बरं नाही, असं इकडे मानतात. अमेरिकेचं विमान रविवारच्या आत येत नाही. "एवढे दिवस कसं ठेवणार, आत्याबाई?" सुहासदादा म्हणाले. "विक्रांतला मी समजावून सांगेन. आत्ता फोन केला तर तो घरून निघाला होता." चार वाजता ते मुळेकाकांना घेऊन गेले. मी दार धरून उभी होते, तेवढ्यात वीज गेली. आत्याने मला मशीनचं बटण बंद करायला पाठवलं. मग अण्णा सायकल घेऊन मला न्यायला आले.

बुधवारबद्दल मला एवढंच आठवतं. पुढे मी ते पुष्कळदा आठवून पाहिलं.

५

गुरुवारी मी माठ भरायला गेले, तर तीन नंबरच्या खोलीतला ग्लास झाकणावर पालथा नव्हता. तो खाली फरशीवर सरळ ठेवलेला होता, आणि तळाशी घोटभर पाणी होतं.

"मावशी, तीन नंबरचं पाणी तू प्यायलीस?"

"मी?" सुलूमावशी झाडू टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्या माठातलं? माझं डोकं फिरलंय का गं! समोर उसाचा रस मिळतो तो नाही का पिणार मी?"

मला वाटलं, सुहासदादांबरोबर आलेल्यांपैकी कुणी प्यायलं असेल. मी ग्लास धुऊन पालथा ठेवला. शुक्रवारी तो पुन्हा सरळ होता.

मी घाबरले नाही. एप्रिलमध्ये माठ पाझरतो, पाणी उडून जातं, हे आम्हाला शाळेत शिकवलं आहे. म्हणून मी मोजलं. एक नंबरचा माठ बोटभर कमी झाला होता. दोन नंबरचा बोटभर. चार नंबरचाही बोटभर. तीन नंबरचा चार बोटं. तो जुन्या मातीचा असेल, असं मी ठरवलं, आणि तीन नंबरचा माठ दोन नंबरमध्ये ठेवून तिथला तीनमध्ये आणला. शनिवारी तीन नंबरमधला माठच पुन्हा चार बोटं उतरला होता.

त्या दिवशी ओसरीतल्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचे पती एक नंबरमध्ये होते आणि मुलगी भोपाळहून यायची होती. मी समोरून गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"बेटी, वो तीन नंबर वाले भैया कब से खड़े हैं. उनको एक कुर्सी दे दो."

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यावर हिरवी पट्टी होती. दुसराही धूसर दिसत असणार. मी "जी" म्हणाले. मग माठ भरायला तीन नंबरमध्ये गेले. खोली रिकामी होती. माणसाला निजवायची फळी, तिच्याखाली बर्फाची पत्र्याची पेटी, खुंटी, माठ. मशीन गुणगुणत होतं. मी माठ भरला, ग्लास पालथा घातला, आणि दार ओढून घेता घेता म्हणाले,

"येते हं."

मी ओसरीत आले आणि तशीच उभी राहिले. एक नंबरमध्ये माणूस होता, तिथून मी न बोलता निघाले होते. दोन नंबर रिकामी होती, तिथूनही न बोलता निघाले होते. मग रिकाम्या तीन नंबरला मी 'येते' का म्हणाले? आणि मला असं का वाटत होतं की न म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं?

६

रविवारी दुपारी मी रजिस्टर उघडलं. सोमवारी पाहणी होती, आणि पाहणीआधी एकदा सगळं वाचून बघायचं होतं. अकराव्या ओळीत निघाल्याची तारीख नव्हती.

रकाना पांढरा होता. आधीच्या दहा भरलेल्या रकान्यांखाली तो पडलेल्या दातासारखा दिसत होता.

माझे कान तापले. कुणालाच कळणार नव्हतं. बुधवार, दुपारी चार, एवढंच लिहायचं होतं, आणि ते खरंही होतं. मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात फोन वाजला. आत्या मागे मशीनवाल्याशी बोलत होती.

"मी विक्रांत. मुंबईला उतरलोय. आजची गाडी भरलीय, उद्याच्या गाडीने निघतो, मंगळवारी सकाळी पोचतो." या वेळी आवाज जवळचा होता, थकलेला. "सुहासकडे फोन नाही, शेजारी कुणी उचलत नाहीये. बाबा आहेत ना अजून?"

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. गोपाळकृष्ण मुळे, आले सोमवारी सकाळी. निघाले, काही नाही.

"आहेत," मी म्हणाले.

मी खोटं बोलले असं मला वाटलं नाही. मी वाचून दाखवलं. पण फोन ठेवल्यावर मला तो रकाना भरता येईना. आत्ता तिथे बुधवार लिहिला असता, तर मी खोटी ठरले असते. मी टोपण लावलं. आत्याला सांगायला हवं होतं. पण आत्या सगळ्यांना सांगते की आमच्या मिनूच्या रजिस्टरात चूक शोधून दाखवा. ते तिच्या तोंडून ऐकायला मला फार आवडतं.

७

सोमवारी बारा वाजता व्यासजी आले. आत्याने नर्सची पांढरी, कांजी केलेली साडी नेसली होती. पंचक सुटलं नव्हतं म्हणून एक नंबरमध्ये अजून त्या बाईंचे पती होते, आणि चार नंबरमध्ये सकाळी आलेल्या एक शिक्षिका. दोन माणसं.

व्यासजींनी नळ पाहिला, दिवे पाहिले, क्रमांक पाहिले. मग रजिस्टर घेऊन बसले. "वाह बिटिया, मोती हैं मोती!" असं म्हणत पानं उलटली, आणि न निघालेल्यांवर बोट ठेवत गेले. "एक नंबर. तीन नंबर. चार नंबर. तो तीन मुसाफ़िर हैं आज."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं की दोन आहेत. मी खाली पाहिलं, आणि तेवढ्यावरून ती सगळं समजली. तिचे ओठ उघडले. पण व्यासजी उठून नाकाला रुमाल लावून ओसरीतून निघालेसुद्धा. आम्ही मागे होतो. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं लायसन्स होतं, आणि रिकामा खिळा.

पहिल्या दाराच्या काचेतून त्यांनी डोकावलं. "एक."

दुसऱ्या दारातून. "खाली."

तिसऱ्या दारापाशी ते थांबले. पहिल्या दोनपेक्षा जास्त वेळ थांबले. रुमाल नाकावरून खाली आला, पुन्हा वर गेला.

"दो," ते म्हणाले.

चौथ्या दारापाशी ते नीट थांबलेही नाहीत. "तीन. बराबर."

ओसरीतच उभं राहून त्यांनी लिहिलं, 'तीन उपस्थित, रजिस्टर से मिलान सही', आणि शिक्का मारला. कायमचं लायसन्स आठ दिवसांत मिळेल म्हणाले. सुलूमावशी चहा घेऊन आली, तो त्यांनी घेतला नाही. पायरीवरून उतरले आणि परत वळले.

"बहनजी, एक बात कहूँ, बुरा मत मानना. धर्मशाला में मुसाफ़िर बैठे, खड़ा रहे, उसकी मर्ज़ी." त्यांनी मानेवरचा घाम पुसला. "पर यहाँ ज़रा लिटाकर रखा करो. देखने वाले को अच्छा नहीं लगता."

८

त्यांची स्कूटर गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आत्या हलली नाही. मग ती सरळ तीन नंबरकडे गेली. मी मागे गेले. आत्या उंच आहे, तिला काचेतून सहज दिसतं. तिने पाहिलं, आणि हात मागे करून मला अडवलं. तो हात बर्फासारखा होता.

मी तिच्या हाताखालून पुढे झाले आणि चवड्यांवर उभी राहिले. माझी उंची काचेच्या खालच्या कडेपर्यंतच पोचते. मला समोरची भिंत दिसली. भिंतीवरची खुंटी दिसली. आणि खुंटीखाली पांढऱ्या केसांचं डोकं, मागून, त्यावरचा भोवरा. डोकं किंचित एका बाजूला कललं होतं. गाडीचा आवाज येतो का, हे ऐकत फलाटाच्या कडेला उभा असलेला माणूस कलवतो, तसं.

माझे पाय थकले आणि टाचा खाली आल्या. पुन्हा वर होण्याआधी आतून ग्लास झाकणावर ठेवल्याचा आवाज आला. हलका, जपून ठेवल्याचा.

आत्याने मला ओसरीच्या टोकापर्यंत नेलं आणि बाकावर बसवलं.

"कधीपासून?"

"बुधवारपासून," मी म्हणाले. "मी निघाल्याची तारीख लिहिली नाही. आणि त्यांच्या मुलाला फोनवर सांगितलं की ते थांबतील. कालही सांगितलं, आहेत म्हणून."

मला वाटलं, ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं, मग मला रडता आलं असतं. आत्या बराच वेळ पदराच्या काठाची कांजी बोटांनी मोडत बसली.

"मुलगा कधी येतोय?"

"उद्या सकाळी."

"मग उद्यापर्यंत काही लिहू नकोस."

ती उठली. ऑफिसातली खुर्ची तिने उचलली, तीन नंबरचं दार उघडलं, आत न बघता खुर्ची भिंतीलगत ठेवली, माठातलं पाणी बदललं आणि दार लावून घेतलं. सगळं दवाखान्यात करायची तसं, भराभर. बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांवर घामाचे थेंब होते.

"ज्याची नोंद आहे, त्याची सोय झाली पाहिजे," ती म्हणाली. मग मला ते तुझ्यामाझ्यातलं वाक्य म्हणाली.

मी खूप घाबरले होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आत्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा लायसन्स मिळालं त्या दिवशीही वाटला नव्हता.

९

आज मंगळवार आहे. शाळेला सुट्टी आहे. मी ऑफिसात बसून हे लिहिते आहे, आणि शेजारी रजिस्टर उघडं आहे.

तो रकाना कसा भरायचा, याचा मी रात्रभर विचार केला. बुधवार लिहिला, तर व्यासजींचं 'तीन उपस्थित' खोटं ठरतं आणि लायसन्स जातं. आत्याची बावीस वर्षं जातात, आणि अण्णा पुन्हा गप्प होतात. काल किंवा आज लिहिलं, तर सुहासदादांकडे चक्रतीर्थची बुधवारची पावती आहे. रिकामा सोडला, तर काय होतं ते मी पाहिलं आहे. मी हिशेबाने विचार करणारी मुलगी आहे. एकाच माणसाला निघायला दोन तारखा असू शकत नाहीत, हे मला कळतं. पण मग व्यासजींनी मोजलं कोणाला?

थोड्या वेळापूर्वी गल्लीत ऑटो थांबला. खिडकीतून मला सूटकेस दिसली, तिच्या मुठीला विमानाची चिठ्ठी अजून बांधलेली. तो माणूस स्टेशनवरून थेट इकडेच आला होता, घरी गेलाच नव्हता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने आत्याला नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, उशीर तर नाही ना झाला?"

आत्याला खरं सांगता आलं असतं. मला वाटलं, ती आता सांगेल. तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्यासमोरच्या रजिस्टराकडे.

"नाही," ती म्हणाली. "तीन नंबर. ते थांबलेत."

तो आत गेला. दार लागलं. मी श्वास धरून ऐकत होते. ओरडण्याचा आवाज येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. खुर्ची सरकल्याचा आला. मग बोलणं सुरू झालं, हळू, मधे थांबत थांबत. तो बोलतो, मग गप्प होतो, जेवढा वेळ उत्तर ऐकायला लागतो तेवढा, आणि पुन्हा बोलतो. दुसरा आवाज मला ऐकू येत नाही. ऐकू येत नाही, हे मी नीट कान देऊन लिहिते आहे. एकदा तो हसला.

सुलूमावशी अंगणात भांडी घासायची थांबली आहे. आत्या ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे, हात घट्ट बांधून. मी पेनाचं टोपण काढलं आहे. मला आता एवढंच कळतं की मुक्कामाचं कारण जे लिहिलं होतं ते पूर्ण झाल्याशिवाय ते निघाले नव्हते, आणि निघणं म्हणजे तेच असेल, तर खरी तारीख, आजची, मला लिहिता येईल. मग ती पावतीशी जुळो न जुळो. व्यासजींनी विचारलं तर मी स्वतः कचेरीत जाऊन, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगेन. वेळही लागते, म्हणून मी घड्याळासमोर बसले आहे. दहा वाजून चाळीस मिनिटं. बोलणं थांबलं. दाराची कडी वाजली. पावलं ओसरीतून इकडे येत आहेत, एकाची चपलांची आणि मागे, जरा हळू, अनवाणी, आणि आत्या मला हाक मारते आहे, मिने, लवकर बाहेर ये, म्हणजे आता मी त्या रकान्यात